ती नशा नव्हती

पुण्याचा आगाखान पॅलेस आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्याच घराण्यात १९४९ साली सून म्हणून गेली होती हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थ. जन्म न्यूयॉर्कचा, १९१८ चा. वडील स्पॅनिश नर्तक, त्यामुळे लहानपणापासूनच नाच. १९४६ च्या ‘गिल्डा’ने ती जगभर गाजली. अली खानशी संसार काही टिकला नाही, पण मुलगी यास्मिन आईला धरून राहिली.

पन्नाशीतच रिटाला संवाद आठवेनात. १९७२ च्या शेवटच्या सिनेमात एकेक ओळ सांगून काम करून घ्यावं लागलं. ती एकदम चिडायची, घाबरायची. दारू प्यायची हे खरं, पण मग सगळंच दारूवर ढकललं गेलं. १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावरचे तिचे विस्कटलेले फोटो पेपरात छापले. अल्झायमरचं निदान झालं थेट १९८० मध्ये!

मैत्रिणींनो, आम्हीही सासूबाईंच्या बाबतीत दोन वर्षं अशीच घालवली. आमटीत दोनदा मीठ, तोच प्रश्न दहादा, रोजच्या देवळाची वाट चुकणं... ‘वय झालं’ म्हणत राहिलो. मी तर ओरडायचेसुद्धा. मेंदूच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं. त्यांच्यामुळेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

यास्मिनने आईला न्यूयॉर्कला स्वतःजवळ आणलं, आजार लपवला नाही, चारचौघांत त्याचं नाव घेतलं. १४ मे १९८७ ला रिटा गेली, तोवर तिनेच सांभाळलं.