टांकसाळीचा प्रमुख आणि जेलचे विज्ञान

जनावरांची हाडे आणि कातडी पाण्यात उकळून सरस तयार करतात. सुतार तो लाकूड चिकटवायला पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. या चिकट, ओंगळ वाटणाऱ्या पदार्थात विज्ञानाची एक स्वतंत्र शाखा दडलेली आहे, हे ओळखणारा माणूस म्हणजे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम. आज हाडातली पोकळी भरून काढण्यासाठी सुईतून सोडता येईल अशा जेलवर जगभर संशोधन चालू आहे. त्या संशोधनाची सुरुवात शोधत मागे गेले, की ग्रॅहम भेटतात.

ग्रॅहम यांचा जन्म डिसेंबर 1805 मध्ये ग्लासगोत झाला. वडील कापड उत्पादक होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलगा मात्र ग्लासगो विद्यापीठात थॉमस थॉमसन यांची व्याख्याने ऐकून रसायनशास्त्राच्या नादी लागला. वडिलांनी हात आखडता घेतला, तरी तो मागे हटला नाही. पुढील अभ्यासासाठी त्याने एडिंबरो गाठले. शिकवण्या आणि लेखन करून तो दिवस काढत होता. घरातून पाठबळ होते ते आईचे आणि बहीण मार्गारेटचे.

1830 मध्ये ते ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे आफ्रिकेतील प्रवासांमुळे गाजलेले डेव्हिड लिव्हिंगस्टन त्यांच्या वर्गात बसत. याच काळात वायू एकमेकांत किती वेगाने पसरतात, याचा नियम त्यांनी मांडला. वायू जितका हलका, तितका तो लवकर पसरतो. आजही तो ग्रॅहमचा नियम म्हणून शिकवला जातो. 1833 मध्ये त्यांनी फॉस्फरसच्या तीन आम्लांमधला फरक उलगडला. आपल्या हाडाला कठीणपणा देणारे खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचेच असते. पुढे हाडांच्या जेलमध्येही एक फॉस्फेट कामी येणार होते.

1837 मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. 1841 मध्ये तिथे केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. 1855 मध्ये ते ब्रिटनच्या शाही टांकसाळीचे प्रमुख झाले. एकेकाळी न्यूटन यांनी भूषवलेले हे पद. नाण्यांचा हिशेब सांभाळतानाही प्रयोग थांबले नाहीत. उलट, त्यांचे सर्वांत दूरगामी काम याच वर्षांतले आहे.

त्यांनी साखर आणि डिंक एकाच पाण्यात विरघळवले आणि मध्ये पातळ पडदा ठेवून पलीकडे साधे पाणी ठेवले. साखर पडद्यातून पार गेली, डिंक मागे राहिला. सरस, जिलेटिन, अंड्याचा पांढरा बलक यांचेही तसेच. अशा पदार्थांना त्यांनी 1861 मध्ये कोलॉइड हे नाव दिले. ग्रीक भाषेतल्या सरसासाठीच्या शब्दावरून ते घडवले होते. वेगळे करण्याच्या या पद्धतीला त्यांनी डायलिसिस म्हटले, आणि तिने मूत्रातला युरिया वेगळा करून दाखवला. पुढे 1943 मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र रुग्णाला जोडले, त्यामागे हेच तत्त्व होते. 1864 मध्ये ग्रॅहम यांनी आणखी दोन शब्द दिले. कोलॉइड प्रवाही असेल तर सोल, थिजलेले असेल तर जेल.

सोलचे जेल कधी होते, या प्रश्नावर आजची हाडांची जेल उभी आहेत. जिलेटिन गार झाले की थिजते आणि तापले की वितळते. शरीरात सोडायला हवे त्याच्या नेमके उलट. खोलीच्या तापमानाला पातळ, आणि 37 अंश सेल्सियसच्या शरीरात गेल्यावर घट्ट. उष्णतेने घट्ट होणारा खरवस आपण खातो. त्यामागचे कारण वेगळे आहे आणि तो पुन्हा पातळ होत नाही, पण कल्पना यायला तो पुरे.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून कायटोसॅन हा नैसर्गिक पदार्थ मिळतो. त्यात ग्लिसेरोफॉस्फेट मिसळले, की द्रावण थंड असताना पातळ राहते आणि शरीराच्या उबेला घट्ट होते. कॅनडातील संशोधकांनी 2000 मध्ये हे दाखवले. थंडीत कायटोसॅनच्या लांब साखळ्यांभोवती पाण्याचे आवरण असते. ऊब मिळाली की ते सैल होते, साखळ्या एकमेकींना धरतात आणि पाणी पोटात ठेवणारी जाळी तयार होते.

हाडाला याचा उपयोग असा, की वेड्यावाकड्या पोकळीत मोठी चीर न देता हे द्रावण सुईने भरता येते. जाळीत पेशी किंवा हाड वाढवणारी प्रथिने ठेवता येतात. नवे हाड भरत जाते तशी शरीरातली विकरे जाळी हळूहळू विरघळवतात.

अडचणही मोठी आहे. असे जेल मऊ असते, शरीराचा भार पेलू शकत नाही. म्हणून त्यात हाडातल्यासारखे कॅल्शियम फॉस्फेटचे कण मिसळून पाहतात. तरीही मांडीचे मोडलेले हाड केवळ जेलवर उभे राहणार नाही. त्याला सळई, पट्टी किंवा प्लास्टर लागणारच. हाडासाठीचे बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चालू आहे. तेव्हा एका इंजेक्शनने हाड भरून देण्याची जाहिरात दिसली, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे. कशावर, किती रुग्णांवर आणि किती काळ तपासले, हे तीन प्रश्न जरूर करावेत.

ग्रॅहम यांनी लग्न केले नाही. सप्टेंबर 1869 मध्ये, वयाच्या 63व्या वर्षी, टांकसाळीच्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमधला त्यांचा पुतळा त्यांचेच एकेकाळचे साहाय्यक जेम्स यंग यांनी शहराला भेट दिला. ज्या हाडांपासून सरस निघतो, ती हाडे सांधण्यासाठी जेल वापरले जाईल, हे पाहायला ते उरले नाहीत. पण सुईतून पातळ गेलेले द्रावण पोकळीत घट्ट होते, तेव्हा संशोधक त्याच्या नोंदीत त्यांचेच दोन शब्द लिहितात. आधी सोल, मग जेल.