कुकरची शिट्टी ज्याच्यामुळे वाजते, तो डेनिस पापिन लंडनमध्ये कफल्लक होऊन गेला

कुकर लावला की भात-वरणाचा विषय पंधरा-वीस मिनिटांत मिटतो. पण ज्याच्या डोक्यातून हे भांडं निघालं, त्याला भात-वरणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हाडं शिजवायची होती.

डेनिस पापिन. जन्म 1647 चा, फ्रान्समधल्या ब्लुआजवळचा. शिकला डॉक्टरकी, रमला यंत्रांत. आधी पॅरिसमध्ये हायगेन्सच्या हाताखाली, मग लंडनला रॉबर्ट बॉईलकडे.

1679 मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं मांडलं. आता बघा, उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळायला लागलं की कितीही जाळ लावा, तापमान पुढे सरकत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. झाकण घट्ट बसवलं तर वाफ कोंडते, दाब वाढतो आणि त्या दाबाखाली पाण्याला उकळणं जड जातं. म्हणून ते 100 च्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. आपल्या कुकरमध्ये ते 120 अंशांच्या आसपास पोचतं. पापिनच्या भांड्यात हाडंसुद्धा मऊ पडायची.

पण कोंडलेली वाफ भांडंच फोडेल त्याचं काय? पापिनने झाकणाला भोक पाडलं आणि त्यावर दांडीला वजन लावून ते दाबून धरलं. दाब हद्दीबाहेर गेला की वजन उचललं जाणार, वाफ बाहेर. हाच सेफ्टी व्हॉल्व्ह. भांड्यापेक्षा खरं तर हा शोध मोठा, कारण पुढे बॉयलरही याच्याच भरवशावर चालले.

1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. पापिन प्रोटेस्टंट, त्यामुळे मायदेश तुटला. तो जर्मनीत मारबुर्गला प्राध्यापक झाला. तिथे 1690 मध्ये त्याने नळकांड्यात थोडं पाणी तापवलं. वाफेने दट्ट्या वर गेला. गार केल्यावर वाफेचं परत पाणी झालं, आत पोकळी उरली आणि बाहेरच्या हवेने दट्ट्या खाली दाबला. न्यूकोमेनचं 1712 चं इंजिन याच तत्त्वावर खाणीतलं पाणी उपसत होतं.

1707 मध्ये तो कासेलहून चाकाच्या वल्ह्यांची बोट घेऊन लंडनला निघाला. वाटेत नावाड्यांनी ती फोडून टाकली. (ही बोट वाफेवर चालायची असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ती हाताने चालवायची होती.)

लंडनला पोचला तेव्हा बॉईल जाऊन सोळा वर्षं झालेली. रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता न्यूटन. पापिन प्रयोगांसाठी पैसे मागत राहिला, सोसायटीने हात मोकळा केला नाही. 1712 नंतरचं त्याचं एकही पत्र सापडत नाही.