वारणेकाठच्या मुलखातील ज्ञानोपासक : प्रा. वि. वा. नारळीकर

शिराळ्याहून वारणा नदी ओलांडली की कोल्हापूर जिल्हा लागतो. त्याच कोल्हापुरात १९०८ साली प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म झाला. मुंबईतील पदवीनंतर ते केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे सापेक्षतावादाचे थोर भाष्यकार सर आर्थर एडिंग्टन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. आम्हांस विशेष वाटते ते असे की, १९२३-२४ मध्ये याच गुरूंपाशी बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू फादर जॉर्ज लमेत्र शिकले होते. प्रसरणशील विश्वाचा विचार त्यांनी १९२७ मध्ये मांडला.

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून नारळीकरांनी १९३२ मध्ये केंब्रिज सोडले व बनारस हिंदू विद्यापीठात ते अध्यापन करू लागले. तेव्हा वयाची पंचविशीही उलटली नव्हती. त्यांच्याच सान्निध्यात प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडले. पुत्र जयंत हेही केंब्रिजला शिकून विख्यात खगोलशास्त्रज्ञ झाले. विष्णुपंतांचे १९९१ मध्ये निधन झाले.

मिळविलेले ज्ञान त्यांनी मायदेशी वाटले. आपल्या धर्मग्रामांतील पालकांना आमची विनंती आहे की, विज्ञानाने श्रद्धा ढळेल या भीतीने मुलांना अडवू नये. सृष्टीचा अभ्यास हाही निर्मात्याचा गौरवच होय.