दादासाहेब फाळकेंनी पहिल्या सिनेमासाठी पैसा कसा उभा केला?
भागीदारांशी पटेना म्हणून दादासाहेब फाळके छापखान्यातून बाहेर पडले. आता सिनेमा काढायचा होता, पण या नव्या धंद्यात पैसा घालणार कोण? फाळकेंनी १२ हजारांच्या विमा पॉलिसी तारण ठेवून १० हजारांचं कर्ज काढलं आणि १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. मग वाटाण्याला कोंब फुटून रोप वाढताना दाखवणारी छोटी फिल्म केली. हा नमुना पाहून भांडवल मिळालं, तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्याच करायच्या, फिल्मही धुवायच्या. आजच्या हिशेबात किमान दोन पगार वाचले! ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला आणि चालला. पुढे नाशिकला मोठी कंपनी निघाली. पुन्हा भागीदार आले, पुन्हा खटके उडाले आणि फाळके काही काळ काशीला निघून गेले.