जनरल सान मार्तीन व चिलीची मुक्तता

परक्यांच्या ताब्यांतील देश सोडविणें हें मोठें काम खरें. पण सोडविलेला देश तेथील लोकांच्या हातीं देऊन आपण बाजूस होणें हें त्याहून अवघड. हीं दोन्ही कामें करणारे पुरुष इतिहासांत विरळा. दक्षिण अमेरिकेंतील जनरल होसे दे सान मार्तीन हा त्यांपैकीं एक होय. म्हणून त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सान मार्तीनचा जन्म १७७८ सालीं, हल्लींच्या आर्जेंटिनांतील यापेयू गांवीं झाला. लहानपणींच तो आईबापांबरोबर स्पेनांत गेला, अकराव्या वर्षीं तेथील सैन्यांत शिरला आणि सुमारें वीस वर्षें स्पेनच्या निशाणाखालीं लढला. परंतु जन्मभूमि स्पेनविरुद्ध उठली आहे हें पाहून १८१२ सालीं तो ब्वेनोस आयरिस येथें परतला. स्पेनचा बालेकिल्ला पेरूंत होता. उत्तरेकडील डोंगरी मार्गानें त्यावर केलेल्या स्वाऱ्या फसल्या होत्या. तेव्हां आँडीज पर्वत ओलांडून चिली सोडवावा व तेथून समुद्रमार्गें पेरू गांठावा, असा बेत त्यानें केला. १८१४ च्या आक्टोबरांत रांकाग्वा येथें चिलीच्या देशभक्तांचा मोड होऊन तो देश पुन्हां स्पेनच्या हातीं गेला, आणि ही मोहीम अपरिहार्य झाली.

यापुढील भागाकडे आमच्या व्यापारी वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. सान मार्तीन हा पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या कूयो प्रांताचा गव्हर्नर झाला आणि मेंदोसा शहरीं राहून दोन वर्षें त्यानें केवळ तयारी केली. श्रीमंतांवर त्यानें कर बसविला, मद्याच्या पिंपांवर पट्टी घेतली आणि स्वतःचा अर्धा पगार सोडून दिला. स्त्रियांनीं दागिने दिले व शिपायांचे कपडे शिवले. लुईस बेल्त्रान नांवाच्या एका ख्रिस्ती संन्याशानें कारखाना उभारून चर्चमधील घंटा वितळविल्या व तोफा ओतल्या. आल्वारेस कोंदार्को या अधिकाऱ्यास वकिलीच्या निमित्तानें चिलींत धाडलें. तो एका घाटानें गेला, दुसऱ्यानें परतला आणि दोहोंचे नकाशे त्यानें आठवणीनें काढून दिले.

१८१७ च्या जानेवारींत सुमारें ५ हजार माणसें व १० हजार खेचरें सहा वाटांनीं पर्वत चढूं लागलीं. कांहीं ठिकाणीं चढ ४ हजार मीटरांवर जात होता. थंडीनें व विरळ हवेनें निम्म्याहून अधिक खेचरें मेलीं. १२ फेब्रुवारीस चाकाबूको येथें स्पॅनिश फौजेचा पराभव झाला व दोन दिवसांनीं सांतियागो शहर मोकळें झालें. तेथील लोकांनीं राज्याचें मुख्य पद देऊं केलें. तें त्यानें नाकारलें व चिलीचाच पुत्र ओहिगिन्स त्या पदावर बसला. प्रवासखर्चासाठीं मिळालेले १० हजार पेसो त्यानें सार्वजनिक ग्रंथालयास दिले. पुढें १८१८ च्या मार्चांत कांचा रायादा येथें त्याचा पराभव झाला; पण ५ एप्रिलला माइपू येथें मिळालेल्या जयानें चिलीचें स्वातंत्र्य पक्कें झालें.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. त्याच्या पायदळाचा मोठा भाग गुलामांचा होता. लष्करी चाकरीच्या अटीवर त्यांस मुक्ति मिळाली, पण त्यांतील फार थोडे परत आले. १८२१ सालीं पेरूचें स्वातंत्र्य जाहीर केल्यावर त्यानें पुढें जन्मणारीं गुलामांचीं मुलें स्वतंत्र ठरविलीं. त्यांचे आईबाप मात्र गुलामच राहिले, आणि पेरूंतील गुलामगिरी समूळ जाण्यास १८५४ साल उजाडलें. देश मोकळा झाला म्हणजे त्यांतील प्रत्येक माणूस मोकळा झाला असें नव्हे. परक्याचें जूं फेंकून देतांना घरांतील जूं तसेंच ठेवणारें स्वातंत्र्य अपुरें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१८२२ सालीं ग्वायाकील येथें बोलिव्हरची भेट झाल्यावर सान मार्तीननें पेरूंतील सर्व अधिकार सोडले. १८२४ सालीं मुलीस घेऊन तो युरोपास गेला व १८५० सालीं फ्रान्समधील बूलोञ येथें वारला. ज्याच्या हातीं तीन देशांचें सैन्य होतें त्यानें एकाही देशाचें सिंहासन घरीं नेलें नाहीं. पुढाऱ्याची परीक्षा त्यानें मिळविलेल्या जयावरून अर्धीच होते. उरलेली अर्धी त्यानें सोडलेल्या सत्तेवरून करावी.