बाळंतिणींचा कक्ष बंद करणाऱ्या नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की, क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांच्या खाटांमधून रात्री दिवा घेऊन फिरणारी परिचारिका आठवते. १२ मे १८२० रोजी जन्मलेल्या नाइटिंगेलबाईंचा जन्मदिन आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. मात्र प्रसूतिसेवेच्या नियोजनाचा त्यांनी केलेला मूलगामी विचार फारसा परिचित नाही.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाल्यावर त्यांचे लक्ष सुईणींच्या शिक्षणाकडे वळले. खेड्यापाड्यांतील गरीब स्त्रियांची बाळंतपणे अशिक्षित हातांनी होत. म्हणून नाइटिंगेल निधीच्या साह्याने लंडनच्याच किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींना शिकवण्यासाठी प्रसूती कक्ष उघडण्यात आला. शिकलेल्या स्त्रियांनी गावी परतून सेवा करावी, हा त्यामागील हेतू.

हेतू उदात्त होता. परंतु कक्षात सूतिकाज्वर शिरला. मृत्यूचे प्रमाण हजार बाळंतपणांमागे तीसहून अधिक झाले. इंग्लंडमध्ये एकंदरीत हे प्रमाण हजारी पाचच्या आसपास होते. माता वाचाव्यात म्हणून उभारलेला कक्षच त्यांना घातक ठरत होता. १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. स्वतः उभ्या केलेल्या कार्याचे अपयश झाकण्याऐवजी नाइटिंगेल यांनी त्याची चिकित्सा आरंभली. डॉ. जॉन सदरलँड यांच्या साह्याने त्यांनी निरनिराळ्या प्रसूतिगृहांची आकडेवारी जमवली आणि १८७१ मध्ये प्रसूतिगृहांवरील आपले टिपण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

बाळंतीण ही रुग्ण नव्हे, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. निरोगी स्त्रीला सर्वसाधारण रुग्णालयात, इतर रोग्यांच्या सान्निध्यात ठेवणे त्यांना अमान्य होते. प्रसूतिगृह स्वतंत्र व लहान असावे, एका खोलीत मोजक्याच खाटा असाव्यात, प्रसूतीची खोली वेगळी असावी आणि खोल्या आळीपाळीने रिकाम्या ठेवून स्वच्छ कराव्यात, अशी त्यांची योजना होती. शवविच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्यांचा वावरही त्यांना धोक्याचा वाटे. प्रत्येक बाळंतपणाची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा आग्रह त्यांनी धरला.

त्या काळी जंतुसिद्धांत सर्वमान्य झालेला नव्हता. दूषित हवा व दाटी यांनाच त्या मुख्यतः दोष देत. पुढे १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराशी संबंधित जंतू दाखवून दिले. नाइटिंगेल यांची कारणमीमांसा अपुरी ठरली, तरी स्वच्छता, विलगीकरण आणि नोंदी ही त्यांची त्रिसूत्री टिकून राहिली.

सुशिक्षित स्त्रियांनी या व्यवसायात यावे, असे त्यांचे मत होते. सॉक्रेटिसची आई सुईण होती, म्हणून आपले टिपण त्यांनी त्या माउलीच्या स्मृतीस अर्पण केले. इंग्लंडमध्ये सुईणींच्या नोंदणीचा कायदा १९०२ मध्ये झाला. १३ ऑगस्ट १९१० रोजी नाइटिंगेल यांचे निधन झाले. सेवाभावाची कसोटी अखेर किती माता वाचल्या यावरच लागते, हा धडा त्यांनी स्वतःच्या कार्यालाच आधी लावून दाखवला.