राजालाही मत मागावे लागले

जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे यांचा जन्म १९१७ सालचा. महादेव कोळी समाजातल्या या घराण्याचे राज्य जव्हारला चौदाव्या शतकापासून. १९२७ साली वडील वारले तेव्हा यशवंतराव जेमतेम दहा वर्षांचे. तरी गादी त्यांनाच मिळाली. रिवाजच तसा, बापामागे लेक. रयतेला कोणी विचारायचे नाही, आणि राजा नकोसा झाला तर बदलायची सोयही नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात अधिकारी होते. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, पण यशवंतराव वाड्यात बसून राहिले नाहीत. १९६२ साली भिवंडीतून आणि १९६७ साली डहाणूतून ते लोकसभेवर निवडून गेले. ज्यांना गादी जन्माने मिळाली, त्यांना खासदारकीसाठी लोकांपुढे जावे लागले, तेही एकदाच नव्हे, पाच वर्षांनी पुन्हा. १९७१ साली डहाणूची जागा लक्ष्मण दुमाडा यांच्याकडे गेली. ना भांडण, ना तंटा. मतपेटीनेच माणूस बदलला.

पण ही मुदत मोडता येते, हेही यशवंतरावांच्या हयातीतच दिसले. १९७१ ची लोकसभा मार्च १९७६ मध्ये संपायची होती. आणीबाणीत तिची मुदत कायदा करून वाढवली, आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने पाचाची सहा वर्षे केली. मतदार तेच, हक्क तोच, पण तारीखच पुढे गेली. मग मत द्यायचे कुठे? अखेर मार्च १९७७ मध्ये मतदान झाले आणि डहाणूने लहानू कोम यांना निवडले. पुढच्याच वर्षी यशवंतराव वारले. ४४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली.

१९९३ पासून ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही घटनेने हीच पाच वर्षांची मुदत घातली आहे. ती संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. तेव्हा सरपंच असो, खासदार असो, त्याची मुदत कधी संपते ते गावाला ठाऊक पाहिजे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी माणसे जगायला बाहेर पडतात, वीटभट्टीवर जातात. त्यांनी निघण्याआधी मतदार यादीत नाव आहे की नाही ते बघून घ्यावे. ग्रामसेवक आणि तलाठ्यांनीही ही आठवण ग्रामसभेत करून द्यावी. ज्या मताने राजाला दारी आणले, ते यादीतून गळू देऊ नये.